नवे हेडफोन १०० तास वाजवून ठेवल्यावर आवाज खरोखर बदलतो का?

मांजराकाठ (लातूर)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

काल छत्रपती संभाजीनगरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका दुकानातून कान पूर्ण झाकणारे, वायर असलेले हेडफोन घेतले. किंमत माझ्या ऐपतीच्या मानाने बरीच होती, त्यामुळे खरा आकडा घरात अजून कोणाला सांगितलेला नाही. लातूरला परतून रात्री ऐकायला बसलो आणि मन खट्टू झाले. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमारा जवळजवळ नाहीच, टाळ मात्र कानात टोचतात आणि सगळा आवाज उजवीकडे कलल्यासारखा वाटतो. दुकानात फोन केला, तर उत्तर मिळाले की माल नवीन आहे, आधी १०० तास वाजवून मोकळा होऊ द्या आणि मग तक्रार करा.

अडचण अशी आहे की बिलावर माल परत घेण्याची मुदत ७ दिवस छापली आहे. मी रोज झोपण्यापूर्वी जेमतेम दोन तास ऐकतो, म्हणजे माझे १०० तास पूर्ण व्हायला ५० दिवस लागतील. सलग वाजवायचे ठरवले तर ४ दिवस ४ तास होतात, आणि सलग चार दिवस वीज राहिली तर आमच्या गल्लीत तीच मोठी बातमी होईल.

माझा प्रश्न सरळ आहे. वाजवून वाजवून हेडफोनचा आवाज बदलतो, हे खरे आहे का, आणि बदलत असेल तर नेमके काय बदलते? तुलनेसाठी सांगतो, माझ्या जुन्या, कानात खुपसायच्या इअरफोनचाही डावा आवाज अलीकडे मंद झाला होता, पण ते चार वर्षांचे होते, त्यामुळे त्याचे काही वाटले नाही.

---

स्वरवेडा (छत्रपती संभाजीनगर)
सोमवार, रात्री १०.१५

दुकानदाराने वावगे काही सांगितलेले नाही. माझ्याकडे आजवर चार हेडफोन झाले आणि प्रत्येक वेळी पहिल्या आठवड्यात कर्कश वाटणारा आवाज महिन्याभरात निवळलेला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. मी पिंक नॉइज, म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या संततधार पावसासारखा वाटणारा आवाज, मध्यम पातळीवर सुरू करतो आणि हेडफोन रात्रभर कपाटात ठेवून देतो. चार-पाच रात्रींत खर्ज भरून येतो. पडदा नवा असतो, ताठ असतो, तो हलून हलून सैल व्हावा लागतो. नवी मोटारसायकलसुद्धा सुरुवातीला जपून चालवायला सांगतातच की. आपण घाई करू नये, असे माझे मत आहे.

---

मंडपवाला (अंबाजोगाई)
मंगळवार, सकाळी ७.०५

आमचा साउंड सर्व्हिसचा व्यवसाय वडिलांपासून चालत आला आहे. त्यांच्या काळी सायकलच्या कॅरियरवर बॅटरी आणि खांद्यावर भोंगा असे. हेडफोनमधले मला फारसे कळत नाही, परंतु स्पीकर हाताखालून शेकडो गेले आहेत, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

नवा १५ इंची स्पीकर खोक्यातून काढला की आम्ही दोन्ही हातांची बोटे कोनवर, म्हणजे समोरच्या कागदी शंकूवर, सारख्या अंतराने टेकवतो आणि तो हलकेच आत दाबून पाहतो. कोनला मागून जोडलेली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, कुठे घासत असेल तर ते बोटांना लगेच कळते. कोरा कोन दाबताना कडक लागतो आणि कान जवळ नेला तर वाळलेले पान चुरगळल्यासारखा अगदी बारीक आवाजही कधी कधी येतो. तोच स्पीकर एखाद्या गावच्या सप्ताहात वाजून परत आला की हाताला निराळाच लागतो. हा कडकपणा वरून दिसणाऱ्या कागदाचा नसतो, तो मागच्या स्पायडरचा असतो. स्पायडर म्हणजे राळेत भिजवून, गरम साच्यात दाबून, गोल गोल चुण्या पाडलेले कापड. कॉइलला बरोबर मध्यभागी तोलून धरण्याचे काम ते करते. पहिल्या काही जोरदार हेलकाव्यांत चुण्यांच्या ठिकाणची राळ तडकते आणि कापड मोकळे होते. खळ घातलेले धोतर पहिल्यांदा नेसल्यावर त्याची घडी मोडते, तसाच हा प्रकार आहे.

माझा पुतण्या अभियांत्रिकीला आहे. गेल्या वर्षी दोन नवे स्पीकर आणले, तेव्हा त्याने एकाचे मोजमाप करून वहीत लिहून ठेवले. कोरा असताना तो स्पीकर ज्या कंपनसंख्येला सर्वांत सहज डोलत होता, ती ४८ हर्ट्झ भरली. खालच्या सुरावर अर्धा तास चांगला हलवल्यावर ती ४३ झाली. त्यानंतर रात्रभर वाजवूनही ती ४२ च्या खाली गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार झालेला स्पीकर पुन्हा मोजला, तर ४४. म्हणजे जे सैल झाले होते त्यातले थोडे रात्रीतून पुन्हा आवळले गेले होते.

त्यामुळे स्पीकर मोकळा होतो, हे मी शपथेवर सांगेन. मात्र ते काम अर्ध्या-एक तासाचे आहे, १०० तासांचे नाही. थंडीचा ताठरपणा हाही वेगळा विषय आहे. कार्तिकात काकड्याला पहाटे चार वाजता मशीन लावले की दहा वर्षांचा जुना स्पीकरसुद्धा पहिली काही मिनिटे आखडलेला वाजतो आणि मग कॉइलच्या उबेने सुटतो. हे दर पहाटे होते, त्याला रुळणे म्हणता येणार नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. मोकळेपणा हा काही नेहमी गुण नसतो. फार मोकळा झालेला स्पीकर आमच्याकडे दुरुस्तीच्या फळीवर येतो, कारण स्पायडर लोंबला की कॉइल मॅग्नेटला घासू लागते आणि मग कोन बदलावाच लागतो.

---

गोदातीर (नांदेड)
मंगळवार, दुपारी १.३०

मंडपवाले दादांनी लिहिलेला अनुभव पुस्तकात घालावा इतका नेमका आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून त्यांच्याच आकड्यांवर थोडा हिशेब करतो आणि मग हेडफोनकडे वळतो.

स्पीकर ज्या कंपनसंख्येला सहज डोलतो, ती दोन गोष्टींवर ठरते: हलणाऱ्या भागाचे वजन आणि त्याला मागे खेचणारा ताठरपणा. वजन तेच राहिले आणि ४८ चे ४३ झाले, तर ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला, असा अर्थ निघतो. हा आकडा मोठा दिसतो. परंतु स्पीकर उघडा कोणी वाजवत नाही, तो पेटीत बसवतो, आणि बंद पेटीतली कोंडलेली हवा स्वतःच स्प्रिंगचे काम करते. समजा त्या हवेचा ताठरपणा स्पायडर आणि कडेच्या तिप्पट आहे. मग कोऱ्या स्पीकरची पेटीतली कंपनसंख्या ९६ हर्ट्झ येते आणि मोकळ्या झालेल्या स्पीकरची साधारण ९३.५. हवा काही रुळत नाही, त्यामुळे २० टक्क्यांच्या बदलातून शेवटी अडीच टक्के उरतात. हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जवळपास ६ टक्क्यांचे अंतर असते, यावरून हा फरक केवढा ते लक्षात यावे. शिवाय याने गाण्याचा सूर बदलत नाही, खर्ज कुठून ओसरायला लागतो ती जागा किंचित सरकते, इतकेच.

आता हेडफोन. त्याचा पडदा बहुधा ४० किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा, केसाहूनही पातळ अशा पॉलिएस्टरच्या फिल्मचा असतो. त्याला स्पायडर नसतो. राळेत भिजवलेले कापडही नसते. फिल्मच्याच कडेला चुण्या पाडलेल्या असतात आणि त्याच तिला तोलून धरतात. कानाजवळ कोंडलेली हवा मूठभर असते, त्यामुळे पुरेसा आवाज व्हायला पडद्याला मिलिमीटरचा लहानसा अंशच हलावे लागते. १५ इंची कोन सप्ताहात जो धिंगाणा घालतो, त्याच्यापुढे हे डोळ्याची पापणी लवण्याइतके आहे. फिल्मच्या लवचिकतेच्या मर्यादेच्या कितीतरी आत ही हालचाल होते आणि ती सोडताच मूळ जागी येते. तडकायला राळ नाही, मोडायला घडी नाही. कानात बसणाऱ्या काही महागड्या इअरफोनमध्ये तर असा कॉइलने हलणारा पडदाच नसतो. श्रवणयंत्रांतून आलेली, चुंबकांच्या मध्ये थरथरणारी एक बारीक पत्ती असते आणि ती एका इवल्याशा पडद्याला हलवते. तिथेही राळेचे कापड नसते.

तरीही हेडफोन वापरून बदलतात आणि तो बदल बऱ्यापैकी मोठा असतो, असे मी म्हणेन. फक्त तो पडद्यात नसतो, गाद्यांत असतो. कृत्रिम चामड्याची नवी गादी टणक असते आणि गालाच्या, जबड्याच्या उंचसखल भागावर ती नीट टेकत नाही. जिथे फट राहते तिथून खर्ज निसटतो, कारण एवढ्याशा पडद्याला खर्ज उभा करायचा तर कानाभोवतीची हवा कोंडलेलीच लागते. फाटक्या भात्याची पेटी वाजवून पाहिली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. काही दिवसांच्या वापराने, डोक्याच्या उबेने आणि घामाने गादी मऊ पडते, चेहऱ्याचा आकार घेते, फट बुजते आणि खर्ज भरून येतो. त्याच वेळी गादी दबल्यामुळे पडदा कानाच्या आणखी जवळ येतो आणि वरच्या पट्टीतले काही स्वरही वरखाली होतात.

यातून स्वरवेडा यांच्या कपाटाचा प्रश्न निकालात निघतो. कपाटात हेडफोन रात्रभर वाजतो खरा, पण त्याच्या गादीत डोके नसते.

मांजराकाठ, आपण चष्मा लावता का?

---

जुना खांब (परभणी)
मंगळवार, दुपारी ४.२०

नवी वहाण आठ दिवस चावते. तेल लावून, पायात घालूनच ती मोकळी होते. कोनाड्यात ठेवून रोज तिच्यापुढे उदबत्ती लावली, तरी नवव्या दिवशी चावणारच.

---

मोसंबी (जालना)
मंगळवार, सायंकाळी ६.००

गोदातीर सर, हाच न्याय वायरींना आणि ॲम्प्लिफायरलाही लावायचा का? माझ्या एका मित्राने स्पीकरची नवी वायर '२०० तासांनी खुलते' म्हणून भिंतीमागे जोडून ठेवली आहे आणि तो रोज तास मोजतो आहे.

---

गोदातीर (नांदेड)
मंगळवार, रात्री ८.४५

वायरीबद्दल दोन ओळीही खर्चू नयेत. गाण्याच्या विजेने तांब्याची घडण बदलत असती, तर आपल्या घरांतली चाळीस वर्षांची वायरिंग एव्हाना गाऊ लागली असती.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र तापणे आणि रुळणे या दोन गोष्टींची गल्लत होते. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर काही वेळाने स्थिर तापमानाला येतो आणि व्हॉल्व्हचा असेल तर त्याची तार तापल्याशिवाय तो बोलतच नाही. हे दर वेळी घडते आणि बंद केले की पुसले जाते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे सुटे भाग, पुन्हा वीज मिळाल्यावर ताळ्यावर यायला थोडा वेळ घेतात, तेवढा एक खरा अपवाद म्हणता येईल. दुकानातून आणलेल्या ताज्या यंत्राला तोही लागू नाही.

---

स्वरवेडा (छत्रपती संभाजीनगर)
मंगळवार, रात्री ११.१०

सरांचा हिशेब मान्य आहे, परंतु मी जे ऐकले ते ऐकले. तबल्याची नवी पुडी चढवली की सुरुवातीला ती बंद बंद बोलते आणि वाजवणाऱ्याच्या हाताखाली खुलते, हे कोणताही तबलजी सांगेल. त्या कातड्याला जो न्याय, तो या पडद्याला का नसावा? आणि मी मघाशी सांगितलेल्या चार हेडफोनपैकी दोन तर मी पहिले कित्येक दिवस डोक्याला लावलेच नव्हते, थेट कपाटातून काढून ऐकले, तरीही फरक होता.

---

बिंदुसरा (बीड)
बुधवार, सकाळी ११.२५

स्वरवेडा, आपण ऐकले याविषयी मला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की चार रात्रींपूर्वीचा आवाज आपण कशाच्या आधारे आठवता.

मी शाळेच्या ध्वनिमुद्रित पाठांचे संपादन करते, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास हेडफोन डोक्यावर असतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका शिक्षिकेच्या आवाजातला 'स' फार फुसफुसत होता. मी संगणकावरच्या इक्वलायझरमध्ये ती पट्टी निवडली आणि अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने खाली आणत गेले. थोडे कमी केले तर शब्द बोथट होत होते, थोडे वाढवले तर पुन्हा सुरी फिरत होती. दहा मिनिटे खपून मी नेमकी जागा शोधली, समाधानाने पाणी प्यायले आणि परत येऊन पाहते, तर त्या इक्वलायझरचे बटण बंदच होते. त्या दहा मिनिटांत आवाजात एका कणाचाही बदल झालेला नव्हता आणि मी मात्र प्रत्येक बदल स्पष्ट ऐकला होता. या कामातल्या कोणालाही विचारा, अशी एक तरी फजिती प्रत्येकाच्या पदरी असते.

आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांचीच असते. त्यानंतर उरते ते आपण मनात नोंदवलेले विशेषण: 'टोचतो', 'कोरडा आहे', 'मोकळा झाला'. दुसरीकडे कान हा जुळवून घेणारा अवयव आहे. गावातल्या पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, ती बंद पडली की मात्र चटकन कळते. नव्या हेडफोनचा तिखटपणाही आठवड्याभरात असाच विरतो, आणि मध्यंतरी जुने हेडफोन लावले तर तेच मचूळ वाटू लागतात.

आवाजाची पातळी हे आणखी एक चोरदार आहे. आवाज अगदी थोडा, डेसिबलभर वाढला, तर तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. शिवाय १९३३ साली फ्लेचर आणि मनसन या दोघांनी मोजून दाखवले होते की आवाज कमी असताना कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो. नवे महाग उपकरण पहिल्या दिवशी माणूस जपून, हळू आवाजात लावतो आणि आठवड्याने बिनधास्त होतो. खर्ज 'उतरायला' तेवढे पुरते.

डोळे झाकले की काय होते, यावर फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचा १९९४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. तेच स्पीकर लोकांना आधी दिसत असताना आणि मग पडद्याआड ऐकवले, तर गुण बदलले. दिसत असताना आकार, रूप आणि किंमत हेही ऐकू येत होते, म्हणायला हरकत नाही. त्यातले ऐकणारे हे ध्वनीच्या कंपनीतलेच लोक होते, आपल्यासारखे हौशी नव्हते.

आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते. वापराने पडदा खरोखर बदलत असेल, तर काही हेडफोन १०० तासांनी बिघडायलाही हवेत. 'नवा होता तेव्हा फार गोड होता, वाजवून वाजवून वाया गेला', असे आजवर कोणी लिहिलेले माझ्या तरी वाचनात आले नाही.

---

गोदातीर (नांदेड)
बुधवार, दुपारी २.१०

बिंदुसरा ताईंच्या प्रतिसादाला जोडून, कोणाला घरी पडताळा घ्यायचा असेल तर दोन सापळे सांगून ठेवतो.

एक नवा आणि एक जुना असे एकाच मॉडेलचे दोन नग समोरासमोर ठेवून तुलना करू नये, निदान त्यावरून निष्कर्ष काढू नये. एकाच खोक्यातून आलेल्या दोन कोऱ्या नगांतही थोडा फरक असतोच. मोजायचे तर तोच नग, आधी आणि नंतर मोजावा. दुसरे म्हणजे हेडफोन काढून पुन्हा लावला की तो पूर्वीच्याच जागी बसत नाही. मी आमच्या प्रयोगशाळेत जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात लहान माइक बसवला आणि एकच हेडफोन पाच वेळा उचलून पुन्हा ठेवला. ८ किलोहर्ट्झच्या पुढे पाचही रेषा एकमेकींपासून काही डेसिबलने विखुरल्या, कारण तिथे लहरीची लांबीच चार सेंटिमीटरांच्या आसपास असते आणि काही मिलिमीटर सरकल्यानेही चित्र पालटते. १०० तासांचा म्हणून जो बदल सांगतात, तो या पसाऱ्यात सापडला तर शोधायचा.

डोळे झाकून ऐकायचे असेल, तर बदलणारी व्यक्ती तिसरी असावी आणि किमान १६ वेळा ऐकावे. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. १० बरोबर आले तर मात्र नाणे उडवूनही तेवढे येऊ शकतात, याची जाणीव ठेवावी.

---

मांजराकाठ (लातूर)
बुधवार, रात्री १०.०५

सर्वांचे आभार. होय सर, मी चष्मा लावतो, आणि त्याच्या दांड्या चांगल्या जाड आहेत. आपला प्रश्न वाचून चष्मा काढला, पखवाजाचा तोच तुकडा लावला आणि डावे तोंड घुमले. चष्मा घातला की गेले, काढला की आले. असे सात-आठ वेळा केले, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले की हे काय चालले आहे. हेडफोन दोन्ही हातांनी डोक्याशी किंचित दाबला तर चष्म्यासकटही खर्ज ऐकू येतो. म्हणजे फट होती हे नक्की. टाळांचे टोचणेही त्यामुळे निम्मे झाले. खालचे ऐकू येत नव्हते म्हणून वरचे अंगावर येत होते, असे वाटते.

राहिले ते आवाजाचे उजवीकडे कलणे. ते चष्मा काढूनही तसेच आहे.

---

गोदातीर (नांदेड)
बुधवार, रात्री १०.४०

त्यासाठी आधी फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची सरकपट्टी मध्यावर आहे ना, ते पाहा. मग दोन्हीकडे सारखाच आवाज येईल असे मोनो ध्वनिमुद्रण लावा, जुनी नभोवाणीवरची व्याख्याने उत्तम, आणि हेडफोन उलटा घाला, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर येईल. मंद बाजूही उजवीकडे गेली, तर दोष हेडफोनमध्ये किंवा फोनमध्ये आहे आणि आपण मुदतीत तो परत करावा. दोन वाट्यांमधला असा फरक १०० काय, १००० तासांनीही भरून निघत नाही.

---

स्वरवेडा (छत्रपती संभाजीनगर)
शुक्रवार, रात्री ९.३०

मी गप्प बसलो नव्हतो, प्रयोग करत होतो. माझ्या एका मित्राने माझ्याच मॉडेलचा हेडफोन नुकताच घेतला आहे आणि तो जेमतेम दोन तास वाजला आहे. माझा दीड वर्षाचा आहे. मी डोळ्यांवर रुमाल बांधून खुर्चीत बसलो, मित्राने हेडफोन बदलत राहायचे आणि त्याच्या बहिणीने लिहून घ्यायचे, असे ठरले. दोन्हींची पातळी आधी जुळवून घेतली होती. १६ पैकी १३ वेळा मी जुना कोणता ते बरोबर ओळखले. इथे येऊन सरांना हा आकडा सांगायच्या आनंदात होतो.

तेवढ्यात त्या बहिणीने सुचवले की दोन्हींच्या गाद्या आपसात बदलून पाहू. बदलल्या, आणि पुन्हा १६ वेळा ऐकले. या वेळी माझी १६ पैकी १४ उत्तरे चुकली. म्हणजे नव्या हेडफोनवर माझ्या जुन्या गाद्या आल्या की मी छातीठोकपणे त्यालाच 'रुळलेला' म्हणत होतो.

दोन नगांतल्या फरकाबद्दल सरांनी बजावले होते ते लक्षात आहे, आणि मऊ गादी मी कानाने ओळखली की गालाने, हेही मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. कपाटातून थेट काढलेल्या त्या दोन हेडफोनचे काय, हेही मला अजून उमगलेले नाही. पण पिंक नॉइजची रात्रपाळी सध्या बंद केली आहे.

---

मंडपवाला (अंबाजोगाई)
शनिवार, सकाळी ६.५०

स्वरवेडा भाऊ, चुकलेले आकडे लिहायला मोठे काळीज लागते. कधी इकडे आलात तर नवे स्पीकर येणार आहेत, ते आपल्या हातांनी दाबून पाहा.

---

मांजराकाठ (लातूर)
शनिवार, रात्री ८.५५

उद्या मुदत संपते, म्हणून धागा पूर्ण करून टाकतो.

सरांनी सांगितल्याप्रमाणे सरकपट्टी पाहिली, ती मध्यावरच होती. मोनो व्याख्यान लावले, हेडफोन उलटा घातला. मंद बाजू डावीकडेच राहिली. सुलटा घातला, तरीही डावीकडेच. चष्मा काढून, खुर्ची बदलून, मुलीचा फोन घेऊन पाहिले, तरी डावीकडेच. वाट्या बदलत होत्या, कान तोच होता.

काल संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिले आणि डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा असल्याचे सांगितले. रोज कानात इअरफोन खुपसण्याची आणि वर काडीने कान कोरण्याची सवय असेल, तर मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो, असे ते म्हणाले. आधी थेंब घालून तो मऊ केला आणि मग दहा मिनिटांत काढला. बाहेर पडलो तर गांधी चौकातले रिक्षांचे हॉर्न डावीकडून इतके उघडे वाजत होते की दोनदा दचकलो.

रात्री पखवाज ऐकला. आवाज मधोमध आला आहे. हेडफोन एकूण ११ तास वाजला आहे आणि तो परत करायचा नाही, असे ठरवले. पातळ दांड्यांचा चष्मा मात्र करायला टाकला आहे, त्याचा खर्च घरात सांगितला.

जुने इअरफोन फेकायला काढले होते, ते मुलीने थांबवले. त्यांचा डावा आवाज ठणठणीत असल्याचे ती वर्षभर सांगत होती म्हणे.